भुताला शोभणारा आवाज

४ जानेवारी

आवाज गेला. ऑपरेशन झालं, गळ्यातली गाठ निघाली, साधीच होती म्हणे — सगळे खूश. मी ‘पाणी’ म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा! सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावलीय, येईल हळूहळू. मी कागदावर लिहिलं, ‘पूर्वीसारखा?’ ते माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून म्हणाले, “बघू या.”

बस स्थानकावर माइकवरून गाड्या सांगणारी बाई मी. लोक मला चेहऱ्याने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात. म्हणजे आता कशानेच नाही.

९ जानेवारी

घर गप्प. सासूबाईंचं आणि माझं बोलणं एरवीही मिठापुरतं — जास्त पडलं, कमी पडलं. आता तेही बंद. सकाळी त्यांना हाक मारली, म्हणजे हवा सोडली. वळूनसुद्धा बघितलं नाही. सून आजारी पडली तरी सासूबाईंचा तोरा तोच!

१५ जानेवारी

हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. माझ्याच वयाच्या, पण दरडावतात आईसारख्या. “रोज मोठ्याने वाचायचं. काहीही वाचा. आणि कुजबुजायचं नाही, त्याने घसा जास्त थकतो.”

हे दिवसभर फ्रिज दुरुस्त करत फिरतात. येताना रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड कादंबरी घेऊन आले. जुनी, परदेशी, कधीकाळी कुणीतरी मराठीत आणलेली. माळावरचं काळं दगडी घर, कुलूप लावलेला वरचा मजला, भिंतीआडून येणारं कण्हणं...

“भुताटकीची आहे. तुझ्या आत्ताच्या आवाजाला शोभेल,” म्हणाले.

मी रडले. मग हसू फुटलं. हसण्याचाही आवाज आला नाही!

२२ जानेवारी

नायिका ठार वेडी आहे. त्या घरात लहान मुलीला शिकवायला आलीय आणि दर चार पानांनी ‘अहह! हा कोण आक्रोश!’ करते. अगं बाई, आक्रोश ऐकू येतोय ना? मग गाशा गुंडाळ आणि नीघ! पण नाही. दिवा उचलते आणि आक्रोश येतो तिकडेच चालायला लागते.

अर्धं पान वाचलं. घशात वाळू.

३ फेब्रुवारी

आज नवल झालं. दुपारी भिंतीकडे तोंड करून वाचत बसले होते, तर सासूबाई मटारची पिशवी घेऊन आल्या. खुर्ची ओढली आणि बसल्या. तीही शेजारी नाही, अगदी समोर! माझ्या तोंडाकडे टक लावून. परीक्षाच ही. मी वाचत राहिले, त्या सोलत राहिल्या. उठताना म्हणाल्या, “ती घर सांभाळणारी बाई लबाड आहे. वरची किल्ली तिच्याकडेच असणार.”

मी म्हटलं, नाही हो आई, ती बिचारी हुकमाची ताबेदार आहे. पण माझं ऐकतात कुठं! बोलून झालं की चालू पडतात.

७ फेब्रुवारी

रोज येतात. गाजरं, मेथी, फाटलेले अभ्रे — काही ना काही हातात असतं. मत मात्र एकच: किल्ली तिच्याकडे आहे!

११ फेब्रुवारी

स्थानकावरच्या साहेबांचा फोन ह्यांनी घेतला. माझी रजा संपत आली. मार्चमध्ये माइकवर बोलून दाखवायचं, नाही जमलं तर दुसरी सोय बघू म्हणाले.

कसली सोय? अडगळीला असते तसली?

पुस्तक कपाटावर टाकून दिलं.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस वाचलं नाही. कुणासाठी, कशासाठी? अंथरुणातच होते. सासूबाई आल्या, स्टुलावर चढून पुस्तक काढलं. ह्या वयात! माझ्या मांडीवर ठेवलं.

मी मान हलवली.

“ती दिवा घेऊन जिन्यात उभी आहे,” म्हणाल्या. “तिला तिथंच ठेवणार आहेस का तू?”

वाचलं. काय करते!

१४ फेब्रुवारी

कालची पानं परत वाचली. मनातल्या मनात, नीट. तो जिना चढताना तिचा हात इतका थरथरतो की दिव्यातलं तेल बोटांवर सांडतं. हे मी आधी पाहिलंच नव्हतं. मला वाटत होतं ती धीट आहे किंवा वेडी आहे. दोन्ही नाही. ती घाबरलेली आहे, आणि पळून जायला तिला दुसरं घर नाही. म्हणून घाबरत घाबरतच चढते.

आणि मी कसली वाट बघत बसलेय? आधी भीती जाऊ दे, मग चारचौघांत तोंड उघडीन म्हणून! सहा आठवडे मी दुकानात बोटाने वस्तू दाखवतेय.

२५ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात गेले. बोट खिशात — मुद्दाम. “डोकेदुखीची गोळी द्या.” दुकानदार म्हणाला, “काय?” परत सांगितलं. त्याने खोकल्याचं औषध पुढे केलं! मागे रांग, सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीत. कान तापले. निघून यावंसं वाटलं. नाही आले. पोटातून जोर लावला —

“खोकला नाही! डोकं! डोकं दुखतंय!”

घोगरा, फाटका, पण आवाज! अख्ख्या दुकानाने ऐकला. मागचे आजोबा म्हणाले, “द्या हो लवकर, खरंच दुखत असेल.”

रस्ताभर एकटीच हसत आले.

८ मार्च

संपलं पुस्तक. भूत नव्हतंच. मालकाचा म्हातारा बाप होता. इस्टेटीसाठी मेला म्हणून जाहीर केलेला, वर कोंडलेला. ती दार उघडते तेव्हा तो म्हणतो, “इतकी वर्षं कण्हतोय. दाराशी येणारी तू पहिलीच.” इथे माझा आवाज फाटला. घशामुळे नव्हे.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग लगेच, “बघ, किल्ली तिच्याकडेच निघाली की नाही!”

१५ मार्च

माइकपुढे उभी राहिले. हात थरथरत होता, थरथरू दिला. पहिली गाडी नीट सांगितली. दुसरीच्या शेवटी आवाज तुटला. तिसरीला पार खरखर. बाहेर फलाटावर माणसं वर भोंग्याकडे बघायला लागली.

साहेब वाईट नाहीत. हळूच म्हणाले, “गोदामात जागा आहे. निवांत काम. कुणाशी बोलायला लागणार नाही.”

“मला बोलावं लागेल असंच काम द्या.”

“अहो, पण ह्या आवाजात —”

“ह्याच आवाजात. चौकशीची खिडकी द्या. तिथे माणूस एक हातावर असतो. एकदा नाही कळलं तर दोनदा सांगीन.”

हे मी बोलले! कागदावर लिहून नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं, वर घेतलं. “महिनाभर बसून बघा.”

१८ मार्च

खिडकीत पहिला दिवस. “काय?” “अं?” “जरा मोठ्याने!” सगळ्यांना परत परत सांगितलं. घसा विस्तव झालाय. मी मजेत.

२४ मार्च

व्यायामाच्या बाईंकडे शेवटची खेप. सासूबाई सोबत आल्या होत्या. बाईंनी त्यांना मागून तीनदा हाक मारली, त्या भिंतीवरचं चित्र बघत राहिल्या. बाईंनी तसंच शेजारच्या खोलीत नेऊन कान तपासून घेतले. उजवा पूर्ण गेलाय, डावा जाण्याच्या बेतात. कितीतरी वर्षांपासून. माझा माइकवाला आवाज तेवढा पोचायचा त्यांना. पुस्तकातला एक शब्दही पोचला नव्हता.

रिक्षात डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “मग गोष्ट कशी कळायची?”

“तू आंघोळीला गेलीस की पुढची पानं वाचून ठेवायची मी,” म्हणाल्या. “भिंतीला वाचून दाखवत बसायचीस. बघवेना.”