डोळ्यातले पेव्हर ब्लॉक

५ जाने., सोमवार
नगरला डोळे दाखवले. थेंब टाकून तासभर बसवलं. मग डॉक्टरीणबाईने स्वतःच्या कपाळाला दिवा बांधला. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. चाळीस वर्षं मी पोरांना हुकूम सोडले, आज ही बाई मला सोडत होती. आमचा दिवटा संदीप बाहेर फोनवर. शनिवारच्या गर्दीला दुकानात तेल पुरेल का, रुईच्या माळा पुरतील का. बापाचे डोळे गेले खड्ड्यात.

बाई म्हणाली, "गुरुजी, पडद्याच्या अगदी कडेला थोडी झीज आहे, काळ्या कडांचे फिकट ठिपके आहेत. आम्हाला पेव्हर ब्लॉक बसवल्यासारखे दिसतात. वयाने केस पिकतात ना, तसंच हे. नजरेला धोका नाही. वर्षाने या. मधेच विजा चमकल्या, पडदा सरकल्यासारखा वाटला, तरच लगेच या."

म्हणजे ठणठणीत. उगाच भाडं घातलं.

६ जाने.
सुनेची नेमणूक आली. कृषी सहाय्यक. नंदुरबार! ३० तारखेपर्यंत हजर व्हायचं. राहुरीला शिकली तेव्हापासून मनीषा परीक्षाच देतेय. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलेना, पण नेमणूक बरी हलली. सं. आळीत पेढे वाटत फिरला. येडं! बायको निघाली आणि हा पेढे वाटतोय. विचारलं, मला भाकरी कोण घालणार? "मी करीन की अण्णा." ह्याच्या हातची भाकरी कुत्रं हुंगणार नाही.

ही गेल्यापासून (माझी ही, संदीपची आई) हे घर त्या पोरीच्या हातावर चाललंय. जाऊ देणार नाही. बघू कशी जाते.

७ जाने.
सकाळी कप मुद्दाम बशीच्या बाहेर टेकवला. चहा सांडला. म्हटलं, "कडेचं दिसेना झालंय रे." सं.ने रिपोर्ट काढला. इंग्रजी. 'डीजनरेशन'पाशी थांबला, तोंड उतरलं.
"अण्णा, ह्याचा अर्थ काय वो?"
"सडणं. दोन्ही डोळ्यांत. आधी कडा जातात, मग मधलं."
"मग मॅडम काय म्हनल्या?"
"घरच्यांनी सांभाळा म्हणाल्या."
इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. पायाशी बसून रडला. रडताना बावळट दिसतो, लहानपणापासून.

१० जाने., शनिवार
मनीषाला 'जाऊ नको' म्हणायचंच नाही. नुसता चौकटीला खांदा आपटला. आमच्या घराला दार नाही, जुन्या शिंगणापुरात कुणाच्या असतं? पण आपटायला चौकट आहे. पिठाच्या हातांनी धावत आली. "अण्णा, लई लागलं का?" म्हटलं, "तू जा गं पोरी नोकरीवर. म्हाताऱ्याचं काय, शनिदेव बघंल." तिचे डोळे भरून आले. मजा वाटली. वहीत तरी खरं लिहावं. मजा वाटली.

१४ जाने., संक्रांत
बायका तिळगूळ घेऊन आल्या. सं. एकेकीला सांगत होता, अण्णांची नजर चालली म्हणून. त्या गेल्यावर म. उभ्या उभ्या म्हणाली, "मी न्हाई जात." इतकंच. नेमणुकीचा कागद देव्हाऱ्यात गणपतीमागे ठेवला. मग बराच वेळ चुलीपुढे नाक ओढत होती. आमटी खारट झाली. तसं सांगितलं. सांगायला नको होतं, पण खारट झाली होती.
जिंकलो.

१७ जाने.
एकच पंचाईत. पेपर. आंधळा माणूस पेपर वाचत नाही. गोठ्यामागे पळवून नेतो, उकिरड्याशेजारी उभा राहून वाचतो. ही वहीसुद्धा तिथेच लिहितो. मग वही-पेन संदीपच्या आईच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली. ट्रंकेला कुलूप नाही. ह्या गावात कुलूप लावणं म्हणजे देवावर अविश्वास.

२० जाने.
म. सकाळीच नगरला गेली. दाढ दुखते म्हणाली. दुपारी आली ती हसतमुख. दाढ काढून कुणी इतकं खूश येतं का?

२१ जाने.
वही जागेवर. लुगड्याची घडीही तशीच. पण पेन चांगलं उमटतंय. चार दिवस फिकं लिहीत होतं. उघडून बघितलं तर रिफिल नवी.
जन्मभर चोराची भीती बाळगली नाही. घरातलं माणूस ट्रंक उघडेल हे डोक्यातच आलं नाही. मास्तर म्हणे मी!

२२ जाने.
म. सं.ला काही बोलली नाही. का?

२३ जाने.
कळलं का ते. तिने पेपर बंद केला. "आंधळ्या मानसाला पेपर कशाला?" टीव्ही सं.च्या दुकानात गेला. परसाकडे जाताना हाताला धरून नेते, अख्ख्या आळीतून, मोठ्याने: "बाजूला व्हा, गुरुजींना दिसत न्हाई!" माझ्या हातचा मार खाल्लेले घोडे समोर येऊन उभे राहतात. "वळखा बघू, मी कोन?" मी एकेकाला ओळखतो. नुसती मान हलवतो.

२५ जाने.
जेवताना बोट धरून ताटाला लावलं. "ह्यो गूळ हाय अण्णा, घ्या." गूळ नव्हता. हिरवागार ठेचा होता, बोराएवढा गोळा. समोर सं. माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. उचलला. तोंडात टाकला. कानातून धूर निघाला.
सं. ओरडला, "अगं ठेचा हाय त्यो!"
"अगं बाई, चुकले."
तांब्याही तिनेच दिला. सावकाश. कार्टी माझ्याच पट्टीने मला मारतेय. शिकायला असती वर्गात तर पहिला नंबर दिला असता.

२७ जाने.
सं. दुकानात. म. माझ्यासमोर पाटावर बसली.
"अण्णा, डॉक्टरीणबाईंना भेटून आले. तुमचे डोळे माज्यापरीस बरे हायेत."
म्हटलं, "सांग जा त्याला. त्याचा बापावर विश्वास आहे."
"म्हनून तर मी न्हाई सांगनार. तुमीच सांगायचं. न्हाई सांगितलं तर मी हाय की हितंच. तुमी मरंस्तवर आंधळे. बघा, आवडतंय का."
आवाज चढवला नाही. मी काठी उगारली. ती हलली नाही. काठी कुठे पडणार ते मला नीट दिसत होतं, म्हणून खाली घेतली.

२८ जाने.
सं.ला सांगायचं म्हणून दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा आला, मांडी घालून बसला, माझे पाय चेपू लागला. कसं सांगू? म्हणालो, पाणी दे.

२९ जाने., गुरुवार
वही आज उघड्यावर, ओट्यावर बसून लिहितोय. लपवायचं काय राहिलंय आता.

सकाळी चहाला तिघे. म.ने गणपतीमागचा कागद काढला. "उद्या शेवटची तारीख. जायचंच न्हाई, तर आज चुलीत घालते. अण्णा, एकदा हात लावा, आशीर्वाद द्या." माझ्या हातात दिला. उलटा.

चाळीस वर्षं पोरांनी उलट्या पाट्या पुढे केल्या. हात आपोआप जातो. मी काही केलं नाही, हातानेच कागद फिरवून सरळ केला. डोळे तिसऱ्या ओळीवर पोचलेही होते.

सं. चहा गाळत होता. कप भरून वाहायला लागला तरी ओतत राहिला. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"अण्णा," म्हणाला.

म.ने कागद परत मागितला नाही. आत गेली.

आता दहा वाजलेत. सं. दुकानात गेलेला नाही. अंगणात बसलाय, माझ्याकडे पाठ करून. दोनदा हाक मारली, वळला नाही. वाटलं, उठून जावं, खांद्यावर हात ठेवावा. तर सं.ने आणून दिलेली पांढरी काठी घेऊन जाऊ की तशीच सोडून जाऊ, हेच कळेना. आत बॅगेची चेन वाजली. उघडली की लावली, ते इथून कळत नाही. मधे पडदा आहे.

कागद माझ्या मांडीवर आहे. तिसऱ्या ओळीत तिचं नाव आहे, माझ्या आडनावासकट. नंदुरबारला जायला नाशिककडची गाडी दीडला. कागदाशिवाय ती जाऊ शकत नाही आणि न्यायला बाहेर येत नाही. मीच आत नेऊन द्यावा अशी वाट बघत असणार. उठतो.