आखूड ड्रायव्हरची हकिगत

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घ्यावा. कंबर धरली आहे, प्रत्यक्षात घातला तर उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील. कंबर का धरली ते ओघात येईलच.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची साखर काय म्हणते? ताईचा गुडघा कसा आहे? लेकीच्या इमारतीला लिफ्ट आहे असं तुम्ही जाताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंत, पण ताई फोनवर म्हणाली की महिन्यातले निम्मे दिवस त्या लिफ्टचाच गुडघा धरलेला असतो. तेव्हा दोघांनाही आराम पडो, ताईला आणि लिफ्टला. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद. नात आता चालायला लागली असेल. तिचे पाय तुमच्यावर गेले नसतील तर बरं. कापण्याबाबतीत तुमचा हात धरणारा कुणी नाही, पण चालीबाबतीत मी काही बोलत नाही.

पत्रास कारण असं की आपला जुना ड्रायव्हर गेला. चोरीला नव्हे, वारला. तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यानंतरच्या एका रविवारी मी एकटाच पाणीटाकीमागच्या मैदानावर गेलो होतो. पहिल्याच होलला असा काही जोर लावला की दांडा हातात राहिला, चेंडू जागेवर राहिला आणि ड्रायव्हरचं डोकं तेवढं गरगरत जाऊन तळ्यात पडलं. इतका सरळ आणि इतका लांब टोला माझ्या हातून जन्मात गेला नव्हता, आणि तोही चेंडूशिवाय. इंजिनियरसाहेबांनी गाव सोडताना ती काठ्यांची पिशवी आपल्या दुकानात ठेवली आणि म्हणाले, तुम्ही दोघं दिवसभर वाकून बसता, रविवारी जरा उभं राहून हात फिरवा. दोन शिंपी गोल्फ खेळणार म्हणून सगळी पेठ हसली होती. ते हसणं तुमच्या बरोबरीने सोसायला मला काही वाटलं नाही. एकट्याने सोसायचं म्हणजे मात्र फार असतं, दाजी.

घरी येऊन हिला म्हटलं, नवा ड्रायव्हर घ्यावा लागेल. ही म्हणाली, आधी गाडी तरी घ्या. मग मी तिला पहिल्यापासून समजावलं, की ड्रायव्हर म्हणजे लांबचा पहिला टोला मारायची मोठ्या डोक्याची काठी, आणि तिच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग सुरू नका करू. पण बायकोच्या जातीला दया असते. (हे वाक्य ती वाचणार आहे, म्हणून लिहिलं.) शेवटी शिलाई मशीनच्या मोटरीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून थोडे काढायचे आणि त्याच्या पुढे एक पैही जायचं नाही, असं ठरलं. जाताना तिने मला दारात थांबवून ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

आता ऐका. हल्ली ड्रायव्हर नुसता विकत घेत नाहीत, तो मापाने घेतात. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जाळी, एक हिरवी चटई आणि भिंतभर पडदा. तिथे एक फिटरबाई असतात. चांगल्या पन्नाशीच्या, खांद्याने भरलेल्या, आवाज मात्र इतका मऊ की वाईट बातमीसुद्धा अंगाई वाटावी. त्या टेप घेऊन पुढे आल्या आणि मी (इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस) आपोआप दोन्ही हात वर केले, पोट आत घेतलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, काका, श्वास सोडा, मला फक्त मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर हवंय. दाजी, आपल्या समोर उभं राहून पोट आत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना आपण पडद्याआड किती हसलो असू! त्या सगळ्यांची मी तिथल्या तिथे मनातल्या मनात माफी मागितली. मापाला उभा राहिलेला माणूस फार केविलवाणा असतो.

मी खिशाचं माप आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, असू दे, आधी मारून तर बघा. माझ्या कानात घंटा वाजली. "असू दे, आधी अंगावर टाकून तर बघा" हे वाक्य तुम्ही आणि मी किती जणांना म्हटलंय! पुढचं वाक्य कुठलं येणार हेही मला पाठ होतं, आणि तेच आलं. म्हणजे असं झालं, की मी त्यांच्या साध्या ड्रायव्हरने मारलं तर पडद्यावरचा चेंडू उजवीकडे वळला, झाडं ओलांडून गेला आणि पडद्यावरच्या समुद्रात बुडाला. (आपल्या मैदानावर समुद्र नाही, पण त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम ठेवला असावा.) दुसरा मारला, तोही बुडाला. मग त्यांनी कोपऱ्यातून एक काळाभोर, चकचकीत, माझ्या दुकानाच्या भाड्याला लाजवील असा ड्रायव्हर आणून हातात दिला. त्याने मारलेला चेंडू हिरवळीच्या मधोमध जाऊन पडला. फिटरबाईंनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्यासाठीच बेतल्यासारखा आहे." आलं ना वाक्य! आपण हे म्हणतो तेव्हा खरं बोलतो का, हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा दाजी, तिथे त्या चटईवर उभा असताना मला ते पटलं. धंद्यातली खोच माहीत असलेला माणूसही स्वतःवर आली की गिऱ्हाईकच होतो.

पण मी वचनाला जागलो. (वचन जबर होतं म्हणून नव्हे, खिशात तेवढे नव्हते म्हणून.) मी तो काळा ड्रायव्हर परत केला. तेव्हा माझा चेहरा काय झाला असेल तो असो, पण फिटरबाईंना माझी कीव आली. त्या मला दाराजवळच्या पिंपाकडे घेऊन गेल्या. त्यात वापरलेल्या काठ्या उभ्या होत्या, कोणी नवीन घेताना सोडून गेलेल्या. त्यांनी एकेक उपसून बघितल्या आणि शेवटी एक काढली. डोक्यावर एक ओरखडा, बाकी ठणठणीत. मी मारलं, चेंडू समुद्राच्या अलीकडे राहिला. माझ्यासाठी हा विजयच होता. फक्त दांडा लांब होता. आधीचा मालक ताडमाड असणार. फिटरबाईंनी सांगितलं, वरून कापून चव्वेचाळीस इंच करायचा की झालं, ठेवून जा, आठवड्याने न्या, कापायचे वेगळे पडतील.

ते "वेगळे पडतील" ऐकलं आणि माझी मती फिरली. मी म्हटलं, कापायचं काय, ते मी घरी करीन. त्या म्हणाल्या, "काका, एकदा कापलं की परत लांब होत नाही." त्यावर मी, दाजी, तुमचा मेहुणा, छाती पुढे काढून काय बोललो असेन? म्हणालो, "बाई, मी शिंपी आहे."

आता इथे तुम्ही हसाल. हसा. दुकानात शिवतो मी, कापायचे तुम्ही, हे त्या बाईला कुठे ठाऊक? आणि तुम्ही गेल्यापासून मी कात्री फक्त दोरा तोडायला उचलतो, कापड सगळं पलीकडच्या गल्लीतल्या कटरकडे टाकतो, हे तर तुम्हालाही ठाऊक नव्हतं. आता झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून तुमच्या कापायच्या टेबलावर ड्रायव्हर आडवा घातला. मूठ काढली. तुमचा टेप खिळ्यावर होता, तो घेतला. चव्वेचाळीसवर खडूने रेघ मारली. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, कारण तुम्ही मोजायचात. माया किती सोडायची याचाही विचार केला, पण लोखंडाच्या करवतीने कापायच्या दांड्याला कसली आली शिलाईची माया? कापला. मूठ परत बसवली. उभा राहून हातात धरला, तर ड्रायव्हर जमिनीला टेकेना. गुडघे वाकवले तेव्हा टेकला. आधी वाटलं, मीच रात्रीत वाढलो की काय. मग टेप उजेडात धरून बघितला.

दाजी, तुमच्या टेपाला एक, दोन आणि तीन हे आकडेच नाहीत. टोकाचा पत्रा कधीतरी निघाला असणार, शेवट उसवला असणार, आणि तुम्ही की मी, कोणीतरी तो फाटका भाग कापून टाचून घेतला असणार. तो टेप चारपासून सुरू होतो. इतकी वर्षं आपण त्याच टेपाने माप घेतलं आणि त्याच टेपाने कापलं, म्हणून चूक चुकीला खाऊन टाकायची आणि कोट माणसाच्या अंगावर बरोबर बसायचा. तो बाहेरगावचा वकील आठवतो का? मापं दुसरीकडून लिहून पाठवायचा. त्याची एकूण एक पॅन्ट आखूड व्हायची आणि आपण त्याला शपथेवर सांगायचो की साहेब, कापड धुण्यात आटलं. बिचारा वकील असूनही गप्प बसला. म्हणजे बाहेरचं माप आलं की आपण चुकायचो. आपलं आपल्यात बरोबर होतं.

तो टेप मी गुंडाळत आणि उलगडत बसलो. एक गिऱ्हाईक बटण लावायला आलं, त्याला उद्या या म्हटलं. बटणाला उद्या कशाला, असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

तरी रविवारी गेलो. (आता घेतलाच आहे तर.) आखूड ड्रायव्हर म्हटलं की माणसाला बसल्यासारखं उभं राहावं लागतं. आपण मशीनवर बसतो तसंच, फक्त खाली स्टूल नाही. त्या अवघडलेल्या अवस्थेत मी हळूच मारलं. जोर लावायला जागाच नव्हती. आणि दाजी, चेंडू गेला! लांब नाही, पण सरळ. सुताने आखल्यासारखा, ना डावीकडे ना उजवीकडे. तळ्याला वळसा न घालता, कुणाच्या अंगावर न जाता, हिरवळीच्या मधोमध जाऊन सभ्य माणसासारखा थांबला. आपण दोघांनी इतके रविवार तिथे घालवले, असा टोला आपल्यापैकी एकाच्याही हातून गेला नाही. आणि मी सवयीने "बघितलंत का?" म्हणून गर्रकन मागे वळलो. मागे फक्त माळी गवत कापायचं यंत्र पुसत होता. त्या वळण्यात कंबर गेली.

माळ्याने मला त्या यंत्राच्या गाडीवर बसवून फाटकापर्यंत आणलं. तिथून ही घेऊन गेली. रागावली असती तर परवडलं असतं. नुसती हसली, आणि ते हसणं मला कंबरेपेक्षा जास्त लागलं. त्यापेक्षा मोटरीला पैसे लावले असते, काळा ड्रायव्हर एकदा मारून बघण्याचा मोह टाळला असता, निदान फिटरबाईंना कापू दिलं असतं, तर आज बरं झालं असतं. पण ज्याचं त्याला सुचायला वेळ लागतो. सध्या दुपारी अर्धा दिवस पडून असतो, दुकान संध्याकाळी उघडतो. काळजीचं कारण नाही. माझं एकट्याचं उत्तम चाललं आहे, हे ताईला आवर्जून सांगावं.

ताईला नमस्कार, नातीला गोड पापा. लिफ्टलाही माझी विचारपूस कळवावी.

तुमचा,
(कंबरेपासून वरचा भाग तेवढा) धडधाकट मेहुणा

ता. क. तुमचा टेप फेकून दिलेला नाही. नवीन आणलाय, पण तो हातात परका वाटतो.

ता. क. २. एक सांगायचं राहूनच गेलं. बँडवाल्यांची मोठी ऑर्डर आली आहे, सगळ्या पथकाचे लाल डगले. पलीकडच्या कटरला झेपणार नाही, आणि ड्रायव्हरचं असं झाल्यापासून कापडाला कात्री लावायला माझा हात धजत नाही. गिऱ्हाईक जुनं आहे, नाही म्हणवत नाही. तेव्हा फार गैरसोय नसेल तर आठ-पंधरा दिवस येऊन जाता आलं तर बघावं. माझ्यासाठी नव्हे, ऑर्डरीसाठी.

भाऊजींना सा. नमस्कार. ह्यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली जागा होती तेवढ्यात मी लिहिते. मी हसले नाही. मैदानाच्या फाटकाशी ह्यांना गाडीवर बसून येताना बघितलं तेव्हा रडू येत होतं, ते तोंड दाबून धरलं, ह्यांना ते हसणं वाटलं. बँडवाल्यांची ऑर्डर वगैरे काही आलेली नाही. बँडवाले मागच्या वर्षापासून तयार डगले घेतात. पण तुम्ही आल्यावर हे ह्यांना विचारू नका. वन्संशी माझं बोलणं झालंय, त्यांनाही यायचंच आहे. मागच्या खोलीत पलंग घातलाय, जिना चढायचा नाही. लाल कापड मी कुठूनतरी आणून ठेवते. तुम्ही फक्त कापा.