ब्रेकचा आवाज कसा थांबला

दादा,

गाडी अंगणात विटांवर चढवलीय, पुढची दोन्ही चाकं काढलीत. हात लावू नको. चावी माझ्याकडं आहे. मी नवे पॅड आणायला मुरबाडला चाललोय, माझं जेवण झाकून ठेवू नका.

ब्रेक दाबला की गाडी किंचाळायची, तेव्हा तू म्हणालास, "काय नाय रे, धूळ बसलीय, मी साफ करतो." दुसऱ्या दिवशी आवाज बंद. मी आपला खूश. आज चाक खोलून बघतो तर पॅड पार संपलेत, लोखंडाला लोखंड घासतंय. पॅड झिजला की घासून बोंबलणारी जी बारकी पट्टी असते, ती दोन्हीकडं पकडीनं वाकवलेली. एकच वाकली असती तर दगड लागला म्हटलं असतं. आणि आवाज कशाचा ते ज्याला ठाऊक नाय, त्याला वाकवायची पट्टी तरी कशी सापडली?

किन्हवलीचा माणूस रविवारी विकत घ्यायला म्हणून गाडी बघायला येणार, हे मला त्याच्याच फोनवरून कळलं. गाडी दोघांची आहे, एवढंच त्याला सांगितलं.

सकाळी वैशाखऱ्याच्या उतारावर ब्रेक लागलाच नाय. करवंदीच्या जाळीत घातली तेव्हा कुठं गाडी थांबली. मागं तुझी मनस्वी बसली होती. तिला वाटतंय, काकानं गंमत केली. वहिनीलाही मी तेच सांगितलंय.

तुझ्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

जगन