कंपन यंत्राच्या खोलीवरून माझ्या पत्नीचे नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
ओढेकाठ क्रीडा प्रशिक्षण केंद्र,
ता. आटपाडी, जि. सांगली

विषय : झुबेदा मुल्ला यांचे नाव व फोटो तात्काळ काढून देणेबाबत.
संदर्भ : आपण दारावर लावलेली पाटी.

महोदय,

१. आपल्या केंद्रात मुलींचा व्यायाम घेणारी माझी पत्नी झुबेदा सांगलीच्या दवाखान्यात वारली, तेव्हा मी खाली औषधाच्या रांगेत होतो. मला ते डॉक्टरांनी सांगितले नाही. आपल्या केंद्राच्या मोबाईल ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली, त्यावरून कळले. औषध हातात घेऊनच मी वर गेलो.

२. तिसऱ्या दिवशी जियारतीच्या प्रार्थनेला आपण घरी आलात व शोकसभेसाठी फोटो मागितलात. मी दिला. शोकसभा झाली नाही. मुलींना ज्यावर उभे करून थरथरवतात त्या नव्या यंत्राचे उद्घाटन झाले. फोटोला हार व कुंकू लावले. आमच्यात ते लावत नाहीत. ते अजाणतेपणी झाले असेल, त्याची माझी तक्रार नाही.

३. तक्रार पुढे आहे. 'हे यंत्र म्हणजे झुबेदाताईंचे स्वप्न,' असे आपण माईकवर बोललात. हे यंत्र घ्यायचे ठरले त्या बैठकीत ती आपल्याला तोंडावर म्हणाली होती, "आवं सर, ही काय पिठाची चक्की हाय? पोरींचं अंग हळूहळू मोकळं हुतं. हलवून मोकळ्या व्हायला त्या काय पोत्यातल्या शेंगा हायत व्हय?" आपण तेव्हा हसला होतात. तिने घरी येऊन सांगितलेले हे मी विसरलेलो नाही, आपणही विसरला नसाल. म्हणून मला आपल्या भाषणाची किळस आली.

४. झुबेदा खो-खोच्या मुलींना शेडच्या कोपऱ्यात बसवून पाय पसरायला लावायची, बोटांपर्यंत वाकवायची, श्वास सोडून थांबायला सांगायची. प्रशिक्षक जयराज सर म्हणतात, यंत्रावर उभे राहून ताण दिला तर अंग जास्त वाकते. वाकत असेल. मला त्यातले कळत नाही. मी गादीवाला आहे. सारा जन्म कापूस पिंजण्याच्या यंत्राशेजारी थरथरत उभा आहे आणि माझे हात गुडघ्याखाली जात नाहीत. यावरून ती मला रोज चिडवायची. पण आपण ताण देणेच बंद केले. तोच कोपरा भिंत घालून बंद केला, आत यंत्र ठेवले आणि दाराला कुलूप लावले. पाहुणे आले की उघडता. खो-खोची सिमरन व इतर मुली आता मैदानावर खड्यांवर बसून पाय ताणतात.

५. मी एकदा शिपायाकडून कुलूप उघडून घेऊन आत जाऊन आलो. यंत्र चालू केले की भिंत हादरते आणि भिंतीवरचा तिचा फोटो थरथरतो. शिपाई म्हणाला, "चाचा, खिळा ढिला हाय, दुसरा ठोकतो." महोदय, दुसरा खिळा नको. फोटो माझा आहे, तो परत द्यावा.

६. तरी पाटीवरचे नाव पुसावे, फोटो द्यावा व तो कोपरा मुलींना मोकळा करावा. यंत्र आपल्याला कुठेही ठेवता येईल. त्याला दुसऱ्या कोणाचे नाव द्यायचे असल्यास त्या माणसाला आधी विचारावे, तो जिवंत असताना.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
इमाम मुल्ला
गादी कारखाना, आटपाडी
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : काही जोडलेले नाही. मुलींना कोपऱ्यात बसायला झुबेदाने माझ्याकडे गाद्या सांगितल्या होत्या. त्या शिवून झाल्या आहेत. अंथरायच्या राहिल्या आहेत.