होडी कुठून सोडायची

तात्या,

परवा आमच्या गटाची बैठक बारामतीत माझ्या घरी झाली. आम्ही आठ जण कायाकिंग करतो, म्हणजे एकेकट्याची अरुंद होडी वल्हवतो. दोन वर्षं भिगवणच्या पाण्यात हात बसवला, आता कोकणात समुद्रात उतरायचं आहे. कुठून उतरायचं यावरून वाजलं. सगळ्यांना मोठी वाळूची पुळण हवी, कारण गाडी पाण्यापर्यंत जाते, फोटो चांगले येतात. मी आधीच जाऊन पाहून आले होते. तिथल्या एका कोळ्यानं बजावलं होतं, पुळणीवर वारा सुटला की लाटा अंगावर फुटतात, डोंगराआडच्या खाडीतून भरतीला निघा. खाडीत गुडघाभर चिखल, होड्या खांद्यावरून न्यायच्या. मी म्हटलं, खाडीच. एक जण हसला, "ताई, तुम्ही फार घाबरता बुवा." मी चहा टाकायला आत गेले.

तुम्ही आमचे गुरुजी होता आणि माझे वडीलही. अजून डोळ्यांपुढं आहे, चौथीतली आम्ही नऊ मुलं गावाकडच्या धरणाच्या काठावर उभी आहोत. तपासणीला आलेले साहेब पलीकडच्या काठावर पक्षी बघत थांबलेत, आम्हाला त्यांच्यापुढं स्वागतगीत म्हणायचं आहे. नावाडीमामा वल्हं धरून म्हणतायत, "गुरुजी, वारं पडू द्या. आन् हितनं नगं, त्या बाभळीआडनं सोडू. लांब पडंल, पर पोरं सुखरूप जातील." तुम्ही म्हणालात, "साहेबांनी ताटकळायचं व्हय? सोड." मामांनी सोडली. मध्यावर लाट बाजूनं आली आणि होडी उलटली. मामांनी आम्हाला एकेक करून ओढून काढलं, तुम्हालाही. माझ्या बाकावरची मैत्रीण तेवढी हाती लागली नाही.

संध्याकाळपर्यंत तुम्ही सगळ्यांना सांगून मोकळे झालात, "मी नको म्हणत होतो, नावाड्यानंच हट्टानं होडी सोडली." लोकांनी ती होडी काठावरच फोडली. मामा बायकापोरं घेऊन कुठं गेले, कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी कुस्करत होता तेव्हा मी म्हणाले, "तात्या, मामा तर नगं म्हणत हुते." तुम्ही मान वर न करता आईला म्हणालात, "पोरीला ताप हाय, बरळतीय. निजव तिला." पुढं तुम्ही मुख्याध्यापक झालात, निवृत्तीला गावानं शाल पांघरली. मी टाळ्या वाजवल्या.

अखेर आम्ही खाडीच धरली. दोघांनी चिखल नको म्हणून नाव काढून घेतलं. घेऊ देत.

हे खरं तर मामांच्या घरच्यांना लिहायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही आता या जगात नाही, तुमचं उत्तर येणार नाही आणि पत्र टाकावंही लागणार नाही. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. होडी उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, होडी सोडा म्हणून कोण म्हणालं?" तुम्ही लांब दारात पाठ करून उभे होता. मला कुणी पढवलं नव्हतं, दटावलंही नव्हतं. मी आपणहून म्हणाले, "मामाच."