चाकांखालची चार लिंबं

२४ ऑक्टोबर १९९३, दसरा
आजपासून व्हॅनला पूर्ण विश्रांती. उर्मिलाचे दिवस डिसेंबरात भरतात. रुचिताच्या वेळी दीड तासात सगळं आटोपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसरं त्याहून लवकर. नर्सिंग होम भाईंदर पश्चिमेला, आम्ही पूर्वेला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे शांती नगरात. ऐन वेळी रिक्षा मिळाली नाही तर? भीती वाटते. तिला बोललो नाही. चौदा वर्षांची व्हॅन त्या एका दिवसासाठी जपायची. फॅक्टरीत जायला जुनी मोपेड घेतलीय.
व्हॅनची पूजा केली, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. उर्मिला म्हणाली, अहो, जरा पुढे घ्या, लिंबं फुटायला हवीत. म्हटलं, चार लिंबांसाठी इंजिन झिजवू?

२५ ऑक्टोबर
मोपेड झकास. घोडबंदर रोडवर मागून ट्रकने हॉर्न दिला. उतरून कडेकडेने ढकलत नेली. ही सावधगिरी. फॅक्टरीत पन्नास मिनिटं लेट.

३ नोव्हेंबर
चार ट्रक, एक टँकर. टँकरला डोळे मिटले. उद्यापासून मिटणार नाही.

४ नोव्हेंबर
मिटले.

१४ नोव्हेंबर
ईश्वर मेकॅनिक म्हणाला की साहेब, उभी गाडी लवकर मरते, रोज दहा मिनिटं तरी चालू करा. त्याचं पोटच त्यावर. व्हॅनवर दुसरं कव्हर चढवलं.

२८ नोव्हेंबर
तळमजल्यावरच्या हंसाबेन सांगत होत्या की भाई, तुमच्या गाडीत उंदीर लई धिंगाणा घालतात. म्हणजे आत कोरडं आहे.

१२ डिसेंबर
उर्मिलाने विचारलं, चालू करून बघितली का? म्हटलं, बघितली. बाहेरून बघितलीच आहे. खरं म्हणजे चावी फिरवायचा धीर होत नाही. नाहीच झाली चालू तर काय करू?

१९ डिसेंबर, रविवार
सकाळी नऊला कळा. चावी फिरवली. आवाजच नाही. परत फिरवली. सोसायटीतल्या सहा जणांनी जोर लावला; टायर बसलेले, व्हॅन वीतभरही हलली नाही. तेवढ्यात हंसाबेन नाक्यावरून रिक्षा घेऊन आल्या. दोन मिनिटांत मिळाली म्हणे.
उर्मिलाबरोबर रिक्षात त्याच बसल्या, मी मोपेडवर मागे. रिक्षा रेल्वे फाटकापलीकडे गेली, फाटक पडलं, मी अलीकडे. तिथेच रडलो. पोचलो तेव्हा मुलगी वीस मिनिटांची झाली होती. दोघी सुखरूप. उर्मिलाने विचारलं, घाबरला होतात? म्हटलं, छे.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
कपडे न्यायला घरी आलो. व्हॅनखाली वाकून पाहिलं. चारही लिंबं अख्खी, वाळून टणक झालेली. एक टाचेखाली दाबलं. फुटलं नाही.