अस्वलाने न खाल्लेले आम्ही चौघे

जुरोंग ईस्ट, सिंगापूर
१६ ऑगस्ट २०१६

ती. सुलूताईस,

धाकट्या रवीचा वाकून (आणि आधीच कान धरून) नमस्कार. तुझी पाठ, भावोजींचं पित्त आणि गॅलरीतला कढीपत्ता आता बरे असतील. आई ठणठणीत आहे. 'सहलीत आईला काही झालं, तर पंचवीस तारखेला येऊन तिला पुण्याला घेऊन जाईन,' असं तू बजावलंस आणि वर तिकीटही काढून ठेवलंस, म्हणून सगळ्यात आधी लिहितो: आईला काहीही झालेलं नाही. जे झालं ते मला झालं. आणि ते तुला ऋताकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, कारण आजीच्या बाबतीत नऊ वर्षांची मुलगी काहीही लपवत नाही.

तर कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन म्हणून मुलूख आहे. तिथल्या डेम्पस्टर नावाच्या रस्त्याने एका दिवसात मुक्कामाच्या हॉटेलापर्यंत जायचं आम्ही ठरवलं. (मी ठरवलं. विनीताला न्यूझीलंड हवं होतं.) रस्ता नुसता खडी आणि चिखल. जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही. मी सहा वर्षं एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, चांगी बिझनेस पार्कला ऑफिसला जाणारा माणूस. इथे देशाचं एक टोक ते दुसरं टोक पन्नास किलोमीटर, तेही डुलक्या काढत. तिकडे वळण्याचा दिवा लावायला गेलो तर वायपर सुरू झाले, आणि ते दुपारपर्यंत सुरूच राहिले.

बाराच्या सुमारास थांबून आम्ही दशम्या खाल्ल्या. समोरचे डोंगर बघून आई नुसतं 'अगं बाई, अगं बाई' करत होती. निघताना विनीताला धास्ती, की भाड्याच्या गाडीत चिखल गेला तर दंड होईल. (सिंगापुरात राहून माणसाला दंडाची स्वप्नं पडतात.) म्हणून फ्लॅटच्या दाराबाहेर काढतो तसे चौघांनी बूट काढले, विनीताने ते कडेला ओळीने लावले, आईचे मानाने पहिले, आणि आम्ही आत बसून निघालो. कोणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही! दाराबाहेर काढलेलं पायताण सोबत न्यायचं असतं, हे आपल्या रक्तातच नाही.

साठ किलोमीटरवर ऋताला झुडपाआड जायचं होतं. तिने बूट मागितले. मी विनीताकडे पाहिलं, विनीताने माझ्याकडे. "आयो पपा, नोबडी टेक आह?" असं कन्यारत्न इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणालं, म्हणजे बूट कोणीच घेतले नाहीत? मी शौर्याने तिला पाठीवर घेऊन मोज्यांवर उतरलो आणि तिसऱ्याच पावलाला उजव्या टाचेत असा खडा घुसला, की ब्रेकवर पाय ठेववेना. विनीताला गाडी येत नाही. तरीही गाडी मागे वळली. (कशी, हा मुद्दा गौण आहे.)

बुटांपाशी एक ट्रक उभा. धिप्पाड ड्रायव्हर आणि त्याची बायको दुर्बिणीने झुडपं धुंडाळत होते. चार जोड ओळीत आणि माणूस एकही नाही, म्हणजे अस्वलाने अख्खं कुटुंब खाल्लं, असा त्यांचा समज. "खाल्लं असतं तर बूट पायात नसते का?" असं मी मराठीत म्हणालो. आई म्हणाली, "आपण अस्वलाकडेही बूट बाहेर काढूनच गेलो असतो." त्या बाईने आम्हाला एकेकाला मिठी मारली. ती खरंच रडत होती. मलाही भरून आलं, ताई. आपण जिवंत आहोत म्हणून इतक्या लांब कोणीतरी परकं माणूस रडतं!

पुढचे अडीचशे किलोमीटर गाडी सुरेख गेली आणि रात्री आठला, लख्ख उन्हात, हॉटेल आलं. गाडी कोणी चालवली हे तू विचारशील, पण रस्ता तसा सरळच होता.

भावोजींना नमस्कार.

तुझा लंगडता,
रवी

ता. क. : खरं सांगतो, आई असली की घरी यावंसं वाटतं. 'आज उशीर झाला का रे?' असं विचारणारं कोणीतरी असतं. तिला दिवाळीपर्यंत राहू दे ना. पंचवीसचं तिकीट रद्द कर. हे एवढंच विचारायचं होतं. धीर होईना म्हणून अस्वल मध्ये आणलं.

ता. क. २ (आईच्या हातचं) : सुलू, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गाडी मी चालवली. पंचवीस वर्षं तुझ्या बाबांची फियाट कोण चालवत होतं? पासष्टी झाल्यापासून तू मला किल्लीला हात लावू देत नाहीस, आणि रवीकडे तर गाडीच नाही. माझ्या तारखा मात्र तुम्ही दोघं ठरवता. तिकीट रद्द करू नकोस, ये. मुंबईच्या विमानतळावरून पुण्यापर्यंत गाडी मी चालवणार असेन, तर तुझ्याबरोबर निघते. नसेन, तर अनारसे इथेच करीन.